दोन दातांची जागा

"सेल्फ फिरतोय, पण गाडी चालू होत नाहीये." फोनवर कुणी एवढं सांगितलं की मला बरं वाटतं, कारण निम्मं निदान त्या पहिल्या दोन शब्दांतच झालेलं असतं. बहुतेक माणसं घाबरून फक्त "गाडी बंद पडली" म्हणतात. पण बंद पडण्याचे प्रकार आहेत. किल्ली फिरवली आणि काहीच झालं नाही, तर बघायचं बॅटरी, टर्मिनल, अर्थिंग, सेल्फ आणि त्याची वायर. नुसती टकटक झाली तर बहुधा बॅटरी उतरलेली, नाहीतर टर्मिनल सैल. तिसरा प्रकार मात्र वेगळा. सेल्फ दणक्यात फिरतो, इंजिन गरगर फिरतं, बॅटरीत जोर आहे, टाकीत पेट्रोल आहे, आणि तरीही इंजिन पकडत नाही. हा तिसरा प्रकार माणसाला रडकुंडीला आणतो, कारण बाहेरून सगळं ठीक दिसत असतं.

पेट्रोल इंजिनाला हवा लागते, इंधन लागतं, ठिणगी लागते आणि सिलिंडरमध्ये दाब लागतो. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पण ठिणगी कधी पडायला हवी आणि इंजेक्टर कधी उघडायला हवा, ही वेळ चुकली तर बाकीचं सगळं असून उपयोग नाही. हल्लीच्या गाडीत ही वेळ ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठरवतो. तो असतो एका डब्यात बंद, इंजिनापासून लांब. पिस्टन वर आहे की खाली, हे त्याला दिसत नाही. ते त्याला कळवतो क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टची (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याची) जागा सांगणारा, अंगठ्याएवढा एक तुकडा. त्याच्याकडून खबर आली नाही की ईसीएम ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. पंपाचा रिलेसुद्धा बंद ठेवतो. आणि हे योग्यच आहे. इंजिन फिरतंय याची खात्री नसताना पेट्रोल सोडत राहणारी गाडी अपघातात पेटेल.

मी जन्मभर इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये काम केलं, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एमआयडीसीत, एका केमिकल कारखान्यात. गाड्यांशी माझा धंद्याचा संबंध नाही. पण क्रँक सेन्सर पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो मला अगदी ओळखीचा निघाला. कारखान्यातल्या टर्बाइनचा वेग मोजायला आम्ही हेच वापरायचो. शाफ्टवर लोखंडी दातांचं चाक, त्याच्यासमोर मिलिमीटरभर अंतर ठेवून बसवलेला लोहचुंबक आणि त्यावर तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. दात समोरून गेला की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं प्रवर्तन ते हेच, त्यात नंतर काही बदललेलं नाही. आमच्या चाकाला ६० दात असत. का, तर ६० दात असले की सेकंदाला जितके ठोके येतात तितकाच मिनिटाला फेऱ्यांचा आकडा. ३००० ठोके, ३००० आरपीएम. मध्ये कुठला गुणाकार नाही, भागाकार नाही. इतकी देखणी सोय मला दुसऱ्या कुठल्या मोजमापात दिसली नाही.

गाडीतही पुष्कळ ठिकाणी ६० दातांचंच चाक असतं. एक दात म्हणजे ६ अंश. फरक एवढाच, की त्यातले दोन दात मुद्दाम ठेवलेले नसतात. ५८ दात आणि मग एक मोकळी जागा. या मोकळ्या जागेवर सगळा खेळ आहे. तबल्याच्या ठेक्यात डग्ग्याचा घुमारा थांबतो आणि ऐकणाऱ्याला कळतं की खाली आली, आता अमुक मात्रांनी सम. तसं त्या दोन दातांच्या गैरहजेरीवरून ईसीएमला कळतं की पहिल्या सिलिंडरचा पिस्टन किती अंशांनी वर पोचणार आहे. तिथून पुढे तो दात मोजत राहतो. (सगळ्या गाड्यांत ६० वजा २ नसतात. ३६ वजा १ अशीही चाकं असतात. तत्त्व तेच.)

पण एवढ्याने भागत नाही. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्या झाल्या की एक चक्र पुरं होतं. पिस्टन एका चक्रात दोनदा वर येतो, एकदा मिश्रण दाबायला आणि एकदा धूर बाहेर ढकलायला. यातलं आत्ताचं वर येणं कुठलं, हे क्रँक सेन्सर सांगू शकत नाही. त्यासाठी कॅमशाफ्टवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, दुसरा सेन्सर असतो, कारण कॅमशाफ्ट बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. हा कॅम सेन्सर बहुतेक वेळा हॉल पद्धतीचा असतो. एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याने १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खातून वीज सोडून आणि त्यावर चुंबक धरून जो परिणाम शोधला, तो आता आपल्या बॉनेटखाली काम करतो. कॅम सेन्सर गेला तर कित्येक गाड्या जरा जास्त सेल्फ खाऊन का होईना, चालू होतात, कारण ईसीएम अंदाजाने जुळवून घेतो. काही होत नाहीत. क्रँक सेन्सर गेला तर मात्र बहुतेक गाड्या जागच्या हलत नाहीत.

जुन्या गाड्यांत हे काम डेल्को, म्हणजे डिस्ट्रिब्युटर, करायचा. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या पद्मिनी ज्यांनी चालवल्या, त्यांना डेल्कोची टोपी काढून पॉलिश पेपरने पॉइंट घासणारा मेकॅनिक आठवत असेल. डेल्कोचा दांडा कॅमशाफ्टवरूनच फिरे, त्यामुळे कुठला सिलिंडर हा प्रश्नच येत नसे. जागा ओळखणं आणि ठिणगी वाटणं, दोन्ही कामं एकाच डब्यात, डोळ्यांना दिसतील अशी. त्या काळाबद्दल हळहळणाऱ्यांतला मी नाही. पॉइंट झिजायचे, पावसात टोपीत दमट हवा शिरली की गाडी रुसायची. सेन्सर त्याहून कितीतरी भरवशाचा. पण एक गोष्ट तेव्हा आपोआप व्हायची: बिघाड शोधणारा माणूस बिघाडाकडे बघायचा. आता तो पडद्याकडे बघतो.

गाडीच्या डॅशबोर्डखाली १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ते सक्तीचं झालं, आपल्याकडे ओबीडी-दोन, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवून ठेवायची पद्धत, एप्रिल २०१३ पासून. स्कॅनर लावला की कोड येतो. पी०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट. पी०३४० म्हणजे कॅम सेन्सरचं सर्किट. सर्किट हा शब्द कोडच्या व्याख्येतच आहे. सर्किटमध्ये सेन्सर येतो, त्याचा कपलर येतो, दोन-तीन फूट वायर येते, ईसीएमचा कपलर येतो आणि ईसीएमही येतो. समोरचं दातांचं चाकही यायला हवं, कारण चाकाचा दात तुटला तरी तक्रार याच पत्त्यावर येते. एवढ्या सगळ्यांतून नेमका सेन्सर उचलून बदलायचा, हे निदान नाही. तो अंदाज आहे, आणि त्याचे पैसे गाडीवाला भरतो.

हे मी इतक्या तावातावाने लिहितोय याला कारण शेजारच्या ताईची गाडी. आम्ही ऐरोलीत राहतो. ती ठाण्यात शाळेत शिकवते. दिघा, विटावा, कळवा करत रोज जाते-येते. जुनी पेट्रोल हॅचबॅक, एमएच-४३ पासिंग, नीट सांभाळलेली. पावसाळ्यात गाडीने नाटक सुरू केलं. सकाळी पहिल्या सेल्फला चालू व्हायची. परतीच्या वाटेवर ट्रॅफिकमध्ये तापली की एकदम बंद. मग कितीही सेल्फ मारा, उचलायची नाही. तासाभराने, काही न करता, पुन्हा चालू. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलेलं असताना त्याच्या अलीकडे गाडी बंद पडणं काय असतं, हे त्या रस्त्याने जाणाऱ्यालाच कळेल. मागचे हॉर्न वाजवत राहतात आणि पुढे पाणी चढत असतं.

तिने गाडी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये दिली. स्कॅनर लागला, पी०३३५ आला, क्रँक सेन्सर बदलला, बिल झालं. आठवडाभर गाडी छान चालली. आणि मग कळव्याच्या खाडीपुलावर पुन्हा तेच. पुन्हा स्कॅनर, पुन्हा तोच कोड, आणि या वेळी ईसीएम बदलावा लागेल असं सांगण्यात आलं. ईसीएमची किंमत ऐकून ती माझ्याकडे आली. "काका, गाडी विकून टाकू का?"

तिला घेऊन मी रबाळ्याला मामांकडे गेलो. मामा म्हणजे तिथल्या गल्लीतले गॅरेजवाले. सगळे त्यांना मामाच म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. एक शेड, दोन पोरं, एक जुना स्कॅनर आणि एक चांगला मीटर. गाडी अर्थात त्यांच्या दारात पहिल्या सेल्फला चालू झाली. मामांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि ताईला विचारायला लागले. गाडी गरम झाल्यावरच बंद होते की कधीही? आधी झटके देते की लाइट गेल्यासारखी एकदम? एसी चालू असतो का? डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकतो का? (इमोबिलायझरने, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने, किल्ली ओळखली नाही तरी सेल्फ फिरतो आणि गाडी चालू होत नाही. हे आधी बाजूला काढावं लागतं.) मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मी कधी विसरणार नाही.

"ताई, पुलाच्या उतारावर बंद पडली तेव्हा गाडी गिअरमध्येच होती ना? त्या वेळी आरपीएमचा काटा कुठे होता?"

ती थांबली. आठवून म्हणाली, "काटा एकदम शून्यावर पडला होता मामा. गाडी तर अजून पळत होती."

मामांनी माझ्याकडे बघितलं. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर पळते आहे, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवत आहेत. क्रँकशाफ्ट फिरतोच आहे. तरी काटा शून्य. या गाडीत काट्याला आकडा ईसीएम देतो आणि ईसीएमला क्रँक सेन्सर. पेट्रोल संपलं असतं किंवा पंप गेला असता तर काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू खाली आला असता. काटा एकदम पडला याचा अर्थ खबर तुटली. एकाही नटाला पाना न लावता, नुसत्या प्रश्नातून, पंप, फिल्टर, इंजेक्टर सगळे बाहेर पडले. कारखान्यात मी चांगले इंजिनिअर पाहिले आहेत. त्यांच्यातल्या मोजक्यांनाच असा प्रश्न सुचला असता.

पण खबर कुठे तुटते, हे कळायला बिघाड हजर असावा लागतो. मामांनी गाडी शेडमध्ये चालू ठेवली, एसी लावला, बॉनेट बंद. पोराला बजावून ठेवलं, की बंद पडली तर हात लावायचा नाही, मला हाक मारायची. चहा झाला, दुसऱ्या गाडीचं ऑइल बदलून झालं, आणि मग ही बंद पडली. त्यानंतरची दहा मिनिटं मामा जे वागले ते बघण्यासारखं होतं. घाई नाही, पण एक क्षण वाया नाही, कारण इंजिन थंड झालं की पुरावा नाहीसा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा उघडून सेल्फ मारला. इंजिन फिरतंय, पडद्यावर आरपीएम शून्य. चांगल्या गाडीत सेल्फवर तिथे दोनशेच्या आसपास आकडा दिसतो. प्लगवर करंट नाही. किल्ली ऑन केल्यावर पंप दोन सेकंद गुणगुणला आणि थांबला, म्हणजे पंप शाबूत, फक्त पुढचा हुकूम मिळत नाही.

मग मीटर. सेन्सरचा कपलर काढून सेन्सरच्या दोन पिनांत रेझिस्टन्स मोजला. वेटोळ्याच्या सेन्सरचा तो काही शे ओहमपासून हजाराच्या थोडा वरपर्यंत असतो, गाडीगणिक वेगळा. इथे बरोबर होता. प्रत्येक पिन आणि बॉडी यांच्यात काही येत नव्हतं, तेही बरोबर. मीटर एसी व्होल्टवर टाकून सेल्फ मारला, सेन्सर जवळजवळ व्होल्टभर देत होता. सेन्सर निर्दोष. कपलर पुन्हा बसवला, बॅटरीची निगेटिव्ह काढली, ईसीएमचा मोठा कपलर काढला आणि तिथल्या त्याच दोन वायरींवर मीटर लावला. काही नाही. सर्किट उघडं. सेन्सर बरा आहे आणि खबर पोचत नाही, म्हणजे बिघाड मधल्या वायरीत. ईसीएमही सुटला, ज्याच्या किमतीने ताई गाडी विकायला निघाली होती.

पोराने मीटरवर डोळा ठेवला आणि मामांनी वायरिंग हाताने चाचपत नेलं. गिअरबॉक्सच्या वरच्या क्लिपपाशी दाबलं की आकडा यायचा, सोडलं की जायचा. तिथे साधी काळी टेप गुंडाळलेली होती. टेप सोडवली तर आत उंदराने कुरतडलेल्या खुणा, बहुधा मागच्या पावसाळ्यातल्या. कुणीतरी वायर नुसती पिळून टेप मारली होती. तांब्यावर हिरवं चढलेलं. इंजिन तापलं की तिथला सांधा ताणून सुटायचा, थंड झालं की पुन्हा टेकायचा. नवा सेन्सर टाकल्यावर आठवडाभर गाडी का चालली, याचंही उत्तर त्यातच होतं. सेन्सर बदलताना कपलर ओढला गेला, वायर हलली, सांधा काही दिवस घट्ट बसला. चुकीची दुरुस्तीसुद्धा थोडा वेळ बरोबर ठरते, आणि करणाऱ्याला वाटतं आपलं निदान खरं निघालं. या धंद्यात मला सगळ्यात घातक वाटते ती हीच गोष्ट.

मामांनी खराब तुकडा कापला, त्याच जाडीची वायर सोल्डर करून जोडली, दोन्ही वायरींना जसा होता तसा पीळ पुन्हा दिला, उष्णतेने आकसणारी स्लीव्ह चढवली आणि बाहेरून जाळीदार पाइप. शिल्ड, म्हणजे वायरींभोवतीचं धातूचं आवरण, त्यांनी एकाच बाजूला अर्थ केलेली राहू दिली. मी न राहवून विचारलं, हे कुणी शिकवलं? "कंपनीने जशी दिली तशी ठेवायची, आपलं डोकं लावायचं नाही," एवढंच म्हणाले. कारखान्यात हा एक नियम नव्या पोरांच्या गळी उतरवायला मला महिने लागायचे. शिल्ड दोन्ही टोकांना अर्थ केली की तिच्यातून नको ती वीज वाहते आणि सेल्फचा, कॉइलचा गोंगाट सिग्नलमध्ये मिसळतो.

ज्याला हे घरी किंवा गॅरेजमध्ये करून बघायचं असेल त्याच्यासाठी काही गोष्टी लिहून ठेवतो. पहिली म्हणजे, बॅटरी आधी. वेटोळ्याच्या सेन्सरचे व्होल्ट वेगावर अवलंबून असतात. सेल्फ रेंगाळत फिरला तर चांगल्या सेन्सरचाही सिग्नल इतका अशक्त येतो की ईसीएम त्याला दाद देत नाही. मरतुकड्या बॅटरीवर घेतलेली कुठलीही टेस्ट खोटी. दुसरं, सेन्सरला दोन वायरी असतील तर बहुधा वेटोळ्याचा आणि तीन असतील तर बहुधा हॉलचा. पण वेटोळ्याच्या सेन्सरला कधी तिसरी शिल्डची वायर असते, म्हणून आकृती बघून खात्री करायची. हॉलच्या सेन्सरवर ओहम मोजू नका. आकड्याला काही अर्थ नसतो आणि मीटरच्या विजेने सेन्सर बिघडूही शकतो. तिथे बघायचं ते हे, की एका वायरीत ५ किंवा १२ व्होल्ट येतात का, अर्थ पक्का आहे का, आणि इंजिन पान्याने हळूहळू फिरवलं की सिग्नलच्या वायरीत व्होल्ट चढतात-उतरतात का. चढउतार होत असेल तर सेन्सर जिवंत आहे.

तिसरं, सेन्सर बाहेर काढलाच तर त्याचं टोक बघा. चुंबक असल्याने लोखंडाची भुकटी त्याला चिकटून राहते, आणि तेवढी पुसल्यावर चालू झालेल्या गाड्या मामांनी पाहिल्या आहेत. बसायची जागा साफ हवी, नाहीतर अंतर वाढतं. स्वस्त ड्युप्लिकेट सेन्सर मी कुणालाही सुचवणार नाही. दिसायला हुबेहूब, पण चुंबक कमजोर नाहीतर लांबी केसभर कमी. नवा सेन्सर टाकल्यावरही गाडी उचलली नाही तर सेन्सर निर्दोष होता असं मानायला माणूस धजतो, आणि मग शोध भलत्याच दिशेला जातो. काही गाड्यांत नवा सेन्सर स्कॅनरने ईसीएमला शिकवावाही लागतो.

आणि पावसाळा. आपल्याकडे जूनमध्ये बिळांत पाणी शिरलं की उंदीर सोसायटीच्या पार्किंगमध्ये येतात आणि उबेसाठी इंजिनावर चढतात. डांबरगोळ्यांवर माझा फारसा भरवसा नाही. गाडी रोज वापरणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून विजेरीने बघणं, यानेच काय ते कळतं. इंजिनात पाणी गेल्याची शंका असेल तर मात्र सेन्सरचा विचारही करू नका आणि सेल्फ मारू नका. २६ जुलै २००५ नंतर बुडालेल्या गाड्या घाईने चालू करायला गेलेल्यांचे वाकलेले कनेक्टिंग रॉड मी पाहिले आहेत. पाणी दबत नाही, लोखंड वाकतं.

मामांनी १,५०० रुपये सांगितले. ताईने लगेच काढून दिले. तिचा भाऊ सोबत होता, तो म्हणाला, "वायर जोडायचे एवढे? स्लीव्ह आणि वायर मिळून शंभराचीही नसेल." तो वाईट मनाने बोलला नव्हता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हाच हिशेब असतो. हातात वस्तू आली की पैसे द्यायला आपली ना नसते. सेन्सरच्या बिलाला, जे याच्या दुपटीहून जास्त होतं आणि ज्याने काहीच साधलं नाही, कुणी हरकत घेतली नव्हती, कारण त्यात डबी होती, पार्ट नंबर होता. मामांनी दिलेली गोष्ट डबीत येत नाही. त्यांनी अर्धा दिवस शेडमधली जागा अडवून गाडी तापवली, प्रश्न विचारले, बिघाड हजर होईपर्यंत वाट पाहिली आणि एक धड ईसीएम वाचवला. मी भावाला हे सगळं सांगितलं, जरा जास्तच जोरात. तो ऐकून घेत म्हणाला, "काका, पण मग बिलावर लिहीत का नाहीत तसं?"

प्रश्न रास्त होता. मामांच्या बिलावर "वायरिंग काम" एवढंच होतं. आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करून आलेली पोरं मीटर धरायला शिकून येतात. पण गॅरेजमध्ये मोजण्याचे पैसे मिळत नाहीत आणि बदलण्याचे मिळतात हे त्यांना महिन्याभरात कळतं, आणि मीटर खणात जातो. मोठ्या वर्कशॉपमधल्या ज्या मुलाने ताईचा सेन्सर बदलला, त्याच्यावर माझा राग नाही. गाडी तापवत बसायला त्याला कुणी वेळ दिला असता?

अलीकडे मामांनी दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप घेतला. कुठला घ्यावा यावर आम्ही बरेच दिवस बोलत होतो, आणि तो आल्यावर माझ्या फेऱ्या वाढल्या. मीटर फक्त सरासरी दाखवतो. स्कोप दातन् दात दाखवतो. एका रांगेत उठणाऱ्या लाटा, मध्ये ती दोन दातांची मोकळी जागा, पुन्हा लाटा. दुसऱ्या रेघेवर कॅमचे चौकोनी ठोके. एक टेम्पोसारखी वापरलेली पेट्रोल व्हॅन तुर्भ्याहून टोचन करून आली होती, कोड पी००१६, म्हणजे क्रँक आणि कॅम यांचा मेळ नाही. तिच्या मालकाने आधीच दोन्ही सेन्सर बदलून घेतलेले. मामांनी दोन्ही सिग्नल एकाखाली एक लावले आणि मोकळ्या जागेपासून कॅमच्या ठोक्यापर्यंतचे दात मोजले. आकृतीत असायला हवेत त्यापेक्षा दोन दातांचा फरक, म्हणजे १२ अंश. सेन्सर चौघेही, जुने दोन आणि नवे दोन, खरंच सांगत होते. क्रँकवरून कॅमला फिरवणारी टायमिंग चेन ताणून घसरली होती. तो मालक आणखी सेल्फ मारत बसला असता आणि चेन आणखी घसरली असती, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकले असते.

त्या व्हॅनच्या बिलावर मामांनी पहिल्यांदा "तपासणी" अशी वेगळी ओळ लिहिली आणि तिच्यापुढे रक्कम घातली. मालकाने कारण विचारलं, तेव्हा मामांनी त्याला स्टुलावर बसवून स्कोपवरचा फोटो दाखवला आणि दात मोजायला लावले. त्याने मोजले, दोनदा. मग चेनचं काम करायला सांगून जुने सेन्सर घरी कुठे ठेवलेत ते बायकोला फोन करून विचारू लागला.